डिझेल उन्हात फुगतं

बामाकोच्या डेपोत मी गज बुडवणारा.
एकतीस वर्षं हेच:
टँकरच्या पाठीवर चढायचं, झाकण उघडायचं,
पितळी गज तळाला टेकेपर्यंत सोडायचा,
ओल कुठवर आली ते बघायचं
आणि आकडा मोठ्याने म्हणायचा.
खाली तेनिन लिहून घेते.

पूर्वी दिवसाला साठ यायचे. कंटाळा यायचा.
या खेपेला नऊ दिवसांनी अकरा आले.
सीमेवरून निघताना सव्वीस होते.
उरलेल्यांबद्दल कोणी बोलत नाही,
सिकासोच्या रस्त्यावर डांबर कुठे कुठे वितळलंय
एवढंच सांगतात.

सिरीमानचा टँकर सातवा.
उजव्या कुशीत, बुडापासून हातभर वर, भोक.
बोराएवढं. त्यात साबण कोंबलेला.
"बायकोचा," तो म्हणाला. "शियाच्या तेलाचा.
दुकानातला धरत नाही."
क्लीनर झुमाना अंगठा काखेत दाबून उभा होता.
साबण मळून होईपर्यंत
भोकात तो अंगठा होता.
"किती वेळ?" तेनिनने विचारलं.
"दोन गावं."

सकाळचे नऊ. गज बुडवला.
एकशे साठ लिटर कमी.

तूट ड्रायव्हरच्या पगारातून, असा नियम.
नियम जुना आहे,
ड्रायव्हर खरंच चोरायचे तेव्हाचा.

आकडा मी मोठ्याने म्हटला नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट.
डिझेल उन्हात फुगतं.
चाळीस हजार लिटर चार अंश तापलं
की सव्वाशे-दीडशे लिटर कुठून तरी येतात.
येत कुठूनच नाहीत,
पण गजावर दिसतात.
थर्मामीटर लावून हिशेब करायचा, असाही नियम आहे.
थर्मामीटर दोन वर्षांपूर्वी फुटला.

"झाकण अडकलंय," मी वरून ओरडलो.
"पाना आणायला पाठवतो. तोवर चहा घ्या."

कडुनिंबाखाली शेगडी. पहिला पेला कडू.
टँकर उन्हात, त्याचा पत्रा मधूनच टणकन वाजे.
झुमाना बसल्या बसल्या झोपला, हातात पेला तसाच, न सांडता.

फाटकाबाहेर रांग.
पुढे न्यांकोरो, प्रसूतिगृहाचा,
हातगाडीवर दोन निळे ड्रम.
त्यांचा जनरेटर पहाटेपासून खोकत होता.
त्याने आवाज चढवला नाही.
दुसऱ्या पेल्याला विचारलं, "काका, अजून किती?"
तिसऱ्या पेल्याला फक्त बघितलं.
"माप चालू आहे," मी म्हणालो.

माझे वडील बाजारात बाजरी मापायचे.
मापावरची रास तळव्याने सपाट करताना पुटपुटायचे:
मापात पाप नको.
ते मला म्हणायचे की स्वतःला, कळलं नाही.

एक वाजता पुन्हा चढलो.
पत्रा इतका तापलेला की गुडघे टेकवेनात.
वीस लिटर कमी.
"बरोबर!" मी ओरडलो.
तेनिनने वर पाहिलं, जरा जास्तच वेळ,
मग लिहिलं.

त्या रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी
आमच्या गल्लीत वीज आली.
पोरं ओरडली. शेजारच्या शिंप्याने
कोळशाची इस्त्री बाजूला ठेवून मशीन सुरू केलं.
सिरीमानने दिलेल्या साबणाच्या तुकड्याने मी हात धुतले.
वास गेला नाही. फेस मात्र छान होता.

चार दिवसांनी न्यांकोरो परत आला.
तीच गाडी, तेच ड्रम.
सगळ्यांच्या आधी त्याचे भरले,
वर दोन लिटर जास्त, वहीत न लिहिता.
नऊ ते एकमध्ये तिथे काय झालं
ते त्याने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

नळी जोरात सोडली की डिझेलला फेस येतो.
तो बसेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो,
ड्रमच्या तोंडाकडे बघत.
फेस मापात धरत नाहीत.